अकरा फूट पाणी

“तुम्ही खोटारडे आहा, साहेब. नागपुरात पंख्याखाली बसून आमच्या कोरड्या विहिरी भरता तुम्ही. हे पयले लिही.”

रुपरावनं अहवालाचं बाड ओट्यावर आपटलं. वैभवीच्या मांडीवरचा कोरा कागद फडफडला. पलीकडं त्याची बायको प्रयागबाई तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती. दोन दाणे सुपाबाहेर उडाले, ते तिनं वेचून परत सुपात टाकले.

“मामाजी, असं नाही लिहिता येत,” सून म्हणाली. “उद्या सगळ्यायसमोर वाचा लागते ते. ‘सविनय सादर’ असं काही तरी पाहिजे.”

“विनय कायचा वं? चोराले हात जोडून म्हणू का, की बापा, विहीर तं नेलीच, आता बादली तरी राहू दे?”

वैभवीला हसू आलं, पण तिनं ते पेनच्या टोपणाआड दाबलं. सासऱ्याचं डोकं दोन दिवसांपासून तापलेलं होतं, आणि ते उगाच तापलेलं नव्हतं.

बोरडोहच्या शाळेच्या मैदानावर उद्या जनसुनावणी होती. कोळशाची खाण वाढणार होती. नाल्याच्या पलीकडं आहे ती अलीकडं येणार होती. त्यासाठी गावातल्या एकतीस विहिरी मोजून अहवालात दोन रकान्यांत वाटल्या होत्या. खाणीनं ज्यांचं पाणी ओढलं, त्या एका रकान्यात. त्यांना बदल्यात नळाचं पाणी. ज्यांचं ओढलं नाही, त्या दुसऱ्या. त्यांना काही नाही. रुपरावची विहीर क्रमांक चौदा दुसऱ्या रकान्यात होती. आणि ही विहीर नाल्याला सगळ्यांत जवळची. जिथं जवळचीवर परिणाम नाही, तिथं लांबच्या विहिरींवर कुठून असणार, असा हिशेब करून अहवालवाल्यांनी अख्ख्या गावाचा निकाल एका ओळीत लावला होता. पहिला रकाना त्यामुळं रिकामाच होता.

रुपरावचा संत्र्याचा बगीचा ताणावर होता, फुलं धरावीत म्हणून पाणी तोडलेला. अडीचशे झाडं. महिनाभरानं ताण तोडून पाणी दिलं नाही, तर बहार येत नाही. आणि झाडं मागल्या उन्हाळ्यातच अर्धी वाळली होती. आणखी एक उन्हाळा ती काढणार नव्हती. हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं, म्हणून कोणी बोलून दाखवत नव्हतं.

“वाच पुन्हा,” रुपराव म्हणाला.

“विहीर क्रमांक चौदा. खोली बावन्न फूट. खडक काळा पाषाण. खाणीतल्या वालुकाश्माशी विहिरीचा संबंध नाही. पाण्याची उंची अकरा फूट. मोजणीचा दिनांक तीस एप्रिल.”

“संबंध नाही! अवं, माह्या हातानं खांदली म्या ते. अडतीस फुटावर काळा दगड सरला अन् खाली तांबडा वाळूचा दगड लागला. लागला तसं पानी असं उसळलं का माहा बाप पहार टाकून वर पळाला. हे मले सांगतेत काळा पाषाण!” त्यानं दम घेतला. “अन् अकरा फूट! एप्रिलात! त्या विहिरीत एप्रिलात बेंडकीचा पाय बुडाले पानी नव्हतं. कोणी मोजाले आलंच नाही. घरी बसून आकडा टाकला लेकायनं. आलं होतं का कोणी वं, प्रयाग?”

प्रयागबाईचा अंगठा शेंगेत अडकला होता.

“तीस एप्रिल म्हंजे कोणता दिवस पडते?” तिनं सुनेला विचारलं.

वैभवीनं मोबाइल चाळला. “बुधवार. अक्षयतृतीया होती, आई. आम्ही नागपूरले नव्हतो का, मामाजीच्या मोतिबिंदूले? तुम्हीच एकट्या होत्या घरी.”

“शेंगा किडक्या निघून राहिल्या,” असं म्हणून प्रयागबाई सूप घेऊन उठली आणि आत गेली.

आत जाऊन ती चुलीपाशी नुसतीच उभी राहिली. कोणी तरी आलं होतं. चांगलं आठवत होतं तिला.

त्या घरात अक्षयतृतीयेला पितरांच्या नावानं घागर भरायची, ती आपल्याच विहिरीच्या पाण्यानं. सासूनं हे सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. शेजारच्या पाण्यानं भरलेली घागर शेजारच्यांच्या पितरांना पोचते, आपले दारात उभे राहतात आणि तहानलेले परत जातात. आणि त्या वर्षी विहिरीत चिखल होता. प्रयागबाईनं दोर सोडला, बादली तळाला टेकून वाजली. चार पिढ्यांचे पितर, दारात नवी घागर, आणि पाणी नाही.

मग तिनं धर्मेंद्रला गाठलं. धर्मेंद्र छिंदवाड्याकडचा, खाणीच्या रस्त्यावर धूळ बसवायला पाणी मारणारा टँकर चालवायचा. कधीमधी ओट्यावर बसून ताक प्यायचा. सणाचं जेवण देईन म्हटल्यावर त्यानं सकाळी सकाळी टँकर आडवाटेनं आणून विहिरीत रिचवला. तळाचा गाळ ढवळून सगळं पाणी राखेसारखं झालं. असलं पाणी पितर पितील का? म्हणून त्यानं दुसरी खेप आणली. पाणी निवळलं, आणि प्रयागबाईनं घागर भरली. एकदा विहिरीत पडलं, की ते विहिरीचंच पाणी, एवढं तर देवालाही पटायला हवं.

दुपारी एक पोरगी आली. खांद्याला पिशवी, हातात लांब फीत, उन्हानं लाल झालेलं तोंड. नागपूरच्या धरमपेठेतल्या कोणत्या तरी कचेरीतून आली होती, नाव चिन्मयी. तिनं विहिरीत फीत सोडली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, “आजी, तुमच्या विहिरीला तर छान पाणी आहे हो.”

सणाच्या दिवशी ‘नाही’ म्हणायचं नसतं. तेल सरलं तरी वाढलं म्हणायचं. त्यातून पाहुणी, त्यातून दारात भरलेली घागर. प्रयागबाई पदर सावरून म्हणाली होती, “आहे तं! आमच्या विहिरीले कधी सरलं नाही.”

मग तिला जेवू घातलं. कुरडया, चिंचवणी, आमरस. पोरीनं रस दोनदा मागून घेतला. जाताना फोटो काढला. कशासाठी मोजते, हे तिनं सांगितलं असेलही; प्रयागबाईचं लक्ष तिच्या ताटाकडं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली सोडली, तर पुन्हा चिखल.

बाहेर रुपराव सांगत होता, “लिही. ‘तुमच्या तोंडात साखर नाही, कोळसा पडो.’ नाही, हे राहू दे. हे मी तोंडानं म्हणीन.”

त्याच्या आवाजात किती दिवसांनी तरतरी आली होती. आत्ता बाहेर जाऊन सांगावं, आकडा खरा आहे जी, पाणी म्याच टाकलं होतं? तिनं उंबऱ्यापर्यंत पाऊल टाकलं आणि परत घेतलं. मग मागच्या दारानं निघाली आणि खाणीची वाट धरली.

नाला आता सरळ वाहत होता. पूर्वी त्याला सात वळणं होती, डोह होते, डोहावर करंजाची आणि उंबराची झाडं होती. खाणवाल्यांनी त्याला उचलून शेजारी ठेवलं, पट्टीनं आखल्यासारखं. एकही दगड पाण्याला अडवत नव्हता, म्हणून एकही मासा थांबत नव्हता. पुढं मातीचा डोंगर. लोक त्याला डोंगर म्हणत, पण डोंगर खालून वर येतो. हा वरून खाली टाकलेला होता. ज्या काळ्या मातीत कापूस छातीला लागायचा, ती यात कुठं तरी तळाला गाडली होती आणि तिच्या उरावर फुटका दगड. माती वेगळी काढून ठेवू, खाण भरली की वरून पसरू, असं लिहून दिलं होतं म्हणे. लिहायला काय जातं. त्यावर वेडी बाभूळ माजली होती, आणि एक टिटवी उगाच सगळ्या जगाशी भांडत होती.

खाणीच्या काठावर तार होती. तारेला जिथं बकऱ्यांनी भोक पाडलं होतं, तिथून धर्मेंद्रची पाणी भरायची जागा दिसायची. प्रयागबाई तिथं उभी राहिली.

समोरची भिंत दुपारच्या उन्हात उघडी पडली होती. सगळ्यांत वर काळी माती, लुगड्याच्या काठाएवढी. खाली चुनखडीचा पांढरट पट्टा. मग काळा पाषाण, गोट्या गोट्यांचा, कांद्यासारख्या साली सुटलेला. त्याखाली तांबूस, जाड, वाळूचा दगड, आणि पार तळाशी कोळसा, त्यावर मुंगळ्यांएवढी यंत्रं. रुपरावनं विहीर खांदताना ज्या क्रमानं टोपल्या वर पाठवल्या होत्या, त्याच क्रमानं सगळं इथं रचलेलं होतं. त्या टोपल्या तिनं स्वतः डोक्यावरून वाहिल्या होत्या. बावीस वर्षांची होती तेव्हा. तांबड्या दगडाची टोपली सगळ्यांत जड, कारण ती ओली असायची.

तांबडा थर आत्ताही ओला होता. एका सरळ रेषेत पाणी झिरपत होतं, खाली शेवाळ धरलं होतं, आणि शेवाळाजवळच्या भोकांत पाकोळ्या ये-जा करत होत्या.

धर्मेंद्र टँकरवरून उतरून चढण चढत आला. “मावशी, इथं काहून आल्या? आज ब्लास्टिंग आहे.”

“ती भित कधीपासून गळते रे?”

“हमेशा. मे महिन्यात बी सूखत नाही. चार पंप दिनरात चालू आहे. निकालते आणि रोड पर मारते.”

“मंग त्या दिवशी माह्या विहिरीत टाकलं ते?”

“इथलंच तो होतं.” धर्मेंद्रनं हातानं खालचं डबकं दाखवलं. “दुसरं कुठून आणीन?”

प्रयागबाई भिंतीकडं पाहत राहिली. मग एकदम हसली. “म्हंजे माहंच पानी मले आणून देल्लं तुनं. वरून जेवून गेला.”

“मावशी, चार पोळ्याच खाल्ल्या होत्या.”

“सात. मोजत नव्हती, पण दिसत होत्या. तुह्या गाडीत मावते किती?”

धर्मेंद्रचा चेहरा उतरला. सुनावणी उद्या आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. “बारा हजार लिटर. दो ट्रिप, म्हणजे चोवीस. मावशी, माझं नाव मत घेजो. ठेकेदार उसी दिन गाडीवरून उतरवल.”

“तुहं नाव माह्या तोंडातून निंघणार नाही. जा, पानी मार. धुरळा उडून राहिला.”

परत येईपर्यंत रुपरावचा अर्ज लिहून झाला होता. तो अंगणात येरझारा घालत पाठ करत होता आणि ‘खोटारडे’ या शब्दावर दर वेळी थोडा थांबत होता. प्रयागबाईनं त्याच्यापुढं चहा ठेवला. आज सांगितलं असतं तर तो उद्या गेलाच नसता. त्याला ती चाळीस वर्षं ओळखत होती. लाजला की हा माणूस शेतात जाऊन बसायचा आणि सुगी संपेस्तोवर घरात मान वर करायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मांडव होता. व्यासपीठावर सुनावणी घेणाऱ्या साहेबांसमोर सीलबंद पाण्याच्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. गावकऱ्यांसाठी मागं एक पिंप होतं, त्याची तोटी बिघडली होती. साहेब मोठ्या अदबीनं बोलत होते. इतक्या अदबीनं बोलणाऱ्या माणसाला घाई असते, हे गावाला अनुभवानं माहीत होतं.

रुपरावचं नाव पुकारलं. त्यानं कागद हातात घेतला आणि एकदाही त्यात पाहिलं नाही.

“तुम्ही खोटारडे आहा, साहेब. तीस एप्रिलले माह्या विहिरीवर कोणी आलं नाही. अकरा फूट पानी तुमच्या कागदात आहे, माह्या विहिरीत नव्हतं. हाये हिंमत तं दाखवा मोजणारा माणूस.”

टाळ्या पडल्या. साहेबांनी त्या पुऱ्या वाजू दिल्या.

“मोजणी करणाऱ्या मॅडम इथेच आहेत,” ते म्हणाले. “चिन्मयी, दाखवा.”

पोरगी उठली. तिनं मान खाली घालून लॅपटॉपची कळ दाबली, आणि मागच्या पांढऱ्या पडद्यावर चौदा नंबरची विहीर आली. आत पाणी चकाकत होतं. काठावर नवं लुगडं नेसलेली प्रयागबाई फितीचं टोक धरून हसत होती. कोपऱ्यात तारीख होती.

आधी कोणाला काही कळलं नाही. मग मागून आवाज आला, “रुपरावभाऊ, बाईले इचारून बोलत जा गा!” आणि मांडवभर हसू पसरलं. जे लोक आत्ता टाळ्या वाजवत होते, तेच हसत होते. रुपराव पडद्याकडं पाहत होता. मग त्यानं वळून बायकोकडं पाहिलं. कागदाची त्याच्या हातात बारीक घडी झाली, मग आणखी बारीक.

“पुढचं नाव घ्या,” साहेब म्हणाले.

“थांबा,” प्रयागबाई म्हणाली. ती बायकांच्या रांगेतून उठली, पुढच्यांना “सरका वं” म्हणत नीट चालत आली आणि नवऱ्याच्या हातातून माइक घेतला. “फोटो खरा आहे. मीच आहे ते. पोरीनं बरोबर मोजलं. ते खोटारडी नाही.”

साहेब हसले. “धन्यवाद, बाई. नोंद घ्या.”

“नोंद मी सांगते ते घ्या. त्या दिवशी अक्षयतीज होती. आमच्यात पितराइची घागर घरच्या विहिरीनं भरा लागते, अन् विहीर कोरडी होती. म्हणून म्या सकाळी दोन टँकर पानी तिच्यात टाकलं. दुपारी हे लेक आली, तिनं ते मोजलं. सण होता, म्या तिले सांगतलं नाही.”

साहेबांचं हसू तिथंच राहिलं, पण डोळे बदलले.

“म्हणजे तुम्ही शासनाच्या मोजणीची दिशाभूल केली. हे तुम्ही सर्वांसमोर मान्य करता?”

“करते. सही पण करून देते, मले सही येते.”

“टँकर कोणाचा होता?”

“ते नाही सांगत. पानी कोणाचं होतं ते सांगते. तुमच्या खदानीतलं.”

“बाई, आरोप करताना…”

“चोवीस हजार लिटर,” प्रयागबाई त्यांच्यावरून बोलत गेली. “बारा बारा हजाराच्या दोन खेपा. दहा फूट रुंद विहीर. करा हिशेब.”

साहेबांनी हिशेब केला नाही. पण टेबलाच्या टोकाला चिन्मयीनं वहीचं पान उलटलं होतं. पेन भराभर चाललं, थांबलं, पुन्हा तीच ओळ गिरवून गेलं. तिनं वर पाहिलं. आवाज लहान होता, पण तिच्यापुढंही माइक होता आणि तो चालू होता.

“बरोबर येतं, सर. जवळजवळ अकरा फूटच.”

“तुम्ही बसा,” साहेब म्हणाले.

ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं विचारलं, “आजी, दुसऱ्या दिवशी किती होतं?”

“चिखल.”

“कोणी उपसलं होतं? मोटर लावली होती?”

“घरी मी एकटी. एक घागर काढली पितराइची अन् एक तुह्या हात धुवाले.”

कोणीही हसलं नाही. रुपराव अजून तिथंच उभा होता, तिच्यापासून हातभर अंतरावर. त्याच्या कपाळावरची शीर हळूहळू खाली बसली. विहिरी खांदलेला माणूस होता तो. बायको काय म्हणाली, ते त्याला सगळ्या मांडवाआधी कळलं. हातातला चुरगळलेला कागद त्यानं खिशात टाकला आणि माइक नसताना, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला,

“काळ्या पाषाणात पानी एका रात्रीत जिरत नाही, साहेब. काळ्या पाषाणाच्या खाली मी गेलो आहे.”

“काल मी तुमच्या खदानीच्या काठावर गेली होती,” प्रयागबाई म्हणाली. “तांबड्या दगडातून पानी गळून राहिलं. शेवाळ आलं त्याच्यावर. तोच दगड आमच्या विहिरीच्या बुडाशी आहे. त्याच्या टोपल्या म्या वाहिल्या. नवी खदान नाल्याच्या अलीकडं आली, तं माह्याच विहिरीचं नाही, या सगळ्यायचं सरंल. तुम्ही लिहिलं, एका विहिरीवर परिणाम नाही म्हणून कोणाच्यावरच नाही. मंग आता उलटं लिहा.”

मागच्या रांगेतले लोक उठून उभे राहायला लागले होते. पोलिसानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, शेजारच्याच्या कानात काही सांगितलं आणि पुन्हा अदबीचा आवाज लावला.

“आपल्या भावना नोंदवून घेतल्या आहेत. तीस दिवसांत आपल्याला लेखी उत्तर मिळेल. माइक द्या.”

एक शिपाई हात पुढं करून आला. प्रयागबाईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. तिनं पहिल्या रांगेतली प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, साहेबांच्या बरोबर समोर मांडली, पदर खोचून तिच्यात बसली, आणि शेजारची एक खुर्ची पायानं नवऱ्याकडं सरकवली. रुपराव बसला.

“लेखी मंग देजा,” ती म्हणाली. “आम्ही बसलो आहो. आता तोंडानं सांगा, माह्या विहिरीतलं चोवीस हजार लिटर पानी एका रात्रीत गेलं कुठं?”